रिकामा खिळा

मुलांनो, डोळे मिटा बघू. अगदी घट्ट नको, झोप येताना आपोआप मिटतात तसे. आता असं समजा, की तुम्ही एका लोखंडी पिंजऱ्यात उभे आहात. तुमच्याबरोबर आणखी दहा-अकरा माणसं आहेत, सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या, टोप्यांना दिवे. कुणीतरी दोनदा घंटा वाजवतं आणि पायांखालची जमीन खाली जायला लागते. आधी उजेड जातो, मग वारा, मग वर राहिलेल्यांची बोलणी. कानांना दडे बसतात. जाळीच्या पलीकडे काळा ओला खडक वर वर सरकत राहतो, आणि गंमत म्हणजे गारवा वाटायच्या ऐवजी अंगाला घाम सुटायला लागतो. पिंजरा थांबतो. तुम्ही उतरता, वाकून वाकून एका बोगद्यात शिरता. पुढे चालणारा म्हातारा वाटाड्या थांबतो आणि म्हणतो, आता एक मिनिट सगळ्यांनी दिवे घालवा. आता डोळे उघडा. उघडलेत? पण दिसत काहीच नाही असं समजा. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हेसुद्धा बोट लावून बघावं लागेल असा अंधार. उत्पला नावाची नऊ वर्षांची मुलगी त्या अंधारात उभी होती. तिनं आजोबांचा हात धरला होता. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, की हात आपण धरलेला नाही, आजोबांनी धरलाय. ‘आजोबा, दुखतंय,’ ती हळूच म्हणाली. पण त्यांना ते ऐकू गेलं नाही. ते दुसरंच काहीतरी ऐकत होते.

काय ऐकत होते ते पुढे कळेल. हे आजोबा म्हणजे नरेंद्र आजोबा. बदलापूरला कुळगावात दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. शीलाआजी जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी स्वप्नाली उल्हासनगरला असते, चार नंबरच्या कॅम्पात, आणि यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत ती, जावई अभिजीत आणि उत्पला कर्नाटकात फिरायला निघाले, तेव्हा आजोबांनाही घेऊन गेले. परतीच्या वाटेवर, शुक्रवारी, एक जुनी सोन्याची खाण लागली. खाण बंद होऊन पुष्कळ वर्षं झालीत, वरचा थोडा भाग लोकांना बघायला ठेवलाय. ती बघून मंडळी रविवारी घरी परतली, लेक उल्हासनगरला उतरली, आजोबा बदलापूरला आले. सोमवार झोपण्यात गेला. मंगळवारी सकाळी ते मोरीत कपडे धुवायला बसले, निळ्या चौकड्यांचा सदरा झटकला, आणि खिशातून काहीतरी उडून फरशीवर टणकन आपटलं. गोल गोल फिरत जाळीपाशी जाऊन पडलं. पितळेचा बिल्ला होता, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा, वर एक भोक आणि मधोमध ठोकलेला आकडा : त्रेसष्ट. आजोबा तसेच ओल्या हातांनी बसून राहिले. नळ चालू होता, बादली भरून पाणी वाहायला लागलं, तरी त्यांनी नळ बंद केला नाही.

त्या बिल्ल्याचं असं होतं, की खाणीत उतरताना प्रत्येकाला एक बिल्ला देत. तोंडाशी एक लाकडी फळा होता, त्यावर शंभरएक खिळे. बिल्ला खिळ्यावरून काढून घ्यायचा आणि खाली जायचं. वर आलं की परत तिथंच अडकवायचा. वाटाड्याला सगळे अण्णा म्हणत. सत्तरीचा काटक माणूस, स्वतः त्याच खाणीत राबलेला आणि बापही तिथंच राबलेला. त्यानं आपल्या हिंदीत सगळ्यांना बजावलं होतं, ‘बिल्ला सँभालना. एक भी कील खाली है, तो आदमी नीचे है. जब तक कील खाली, कोई घर नहीं जाता.’ त्याच्या लहानपणी पाळी सुटताना बायका फळ्यासमोर येऊन उभ्या राहत म्हणे. खिळ्यांखाली नावं नसत, नुसते आकडे. बायकांना वाचता येत नसे, पण आपल्या नवऱ्याचा आकडा मात्र लांबून ओळखता येई. अण्णाची आई खिळ्यावर बिल्ला बघून माघारी जायची, नवरा यायची वाट न बघता, भात टाकायला. स्वप्नाली तेव्हा फोनवर पिंजऱ्याचे फोटो काढत होती, अभिजीत पाण्याच्या बाटल्या घ्यायला गेला होता. ऐकत होते दोघंच, आजोबा आणि उत्पला.

आणि वर आल्यावर घोटाळा झाला. एक मुलगी प्लास्टिकचा ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, बिल्ले यात टाका, मी अडकवते. सगळ्यांनी टाकले. आजोबांनी टाकला नाही. आपला बिल्ला आपल्या हातानं अडकवायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, ही त्यांची पस्तीस वर्षांची सवय. ट्रेवाली पुढे गेली की आपण फळ्यापाशी जाऊ, असं म्हणून ते बाजूला उभे राहिले. मध्ये दोरी बांधलेली होती, दोरीपाशी गर्दी होती. तेवढ्यात गाडीकडून उत्पलाची हाक आली, ‘आजोबा, गाडीवाला चल म्हणतोय, मम्मी चिडलीय.’ बिल्ला आपोआप खिशात गेला. इतकंच. आता हिशेब करा, म्हणजे आजोबांना मोरीत बसल्या बसल्या जो करावा लागला तो : शुक्रवारी संध्याकाळी खाण बंद करताना अण्णानं फळा पाहिला असणार. त्रेसष्टचा खिळा रिकामा असणार. त्या फळ्याच्या लेखी नरेंद्र नावाचा माणूस अजून खालीच होता.

तिकिटाच्या पाठीवर फोन नंबर होता. आजोबांनी हात पुसले, तिकीट शोधून काढलं, चष्मा लावला, आणि नऊ आकडे दाबले. दहावा दाबला नाही. काय सांगणार? मी एक म्हातारा आहे आणि तुमचा बिल्ला चुकून घेऊन आलो? चार दिवसांनी? पलीकडून शिव्या आल्या तर त्याही खाता आल्या असत्या. पण पलीकडून जर सांगितलं, की आम्ही खाली उतरलो होतो, तर? दुपारी स्वप्नालीचा फोन आला, तेव्हा त्यांनी सहज म्हणून सांगितलं, खाणीतला एक बिल्ला बरोबर आलाय. ती हसली. ‘काय पप्पा, लोक खाणीतून सोनं आणतात, तुम्ही पितळ आणलंत. शोकेसमध्ये ठेवा आता.’ मागून अभिजीतचा आवाज आला, की म्हणावं सराफ बाजारात दाखवा, सिंधी साईं लोक भाव देतील. आजोबाही हसले. खिळ्याबद्दल बोलायचं राहून गेलं, आणि फोन ठेवल्यावर घरात पंख्याचा तेवढा आवाज उरला.

आता मागे जायला हवं, पस्तीस वर्षं मागे. तेव्हा आजोबा आजोबा नव्हते, नुसता नरेंद्र होता, आणि अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात कामाला होता. तिथं मोठमोठ्या टाक्या होत्या, दोन मजली घराएवढ्या. आतून धुवायच्या, खरवडायच्या तर माणूस वरच्या भोकातून आत उतरायचा आणि एकजण भोकाशी थांबायचा, त्याला तोंडावरचा माणूस म्हणत. आत जाणारा आपला ॲल्युमिनियमचा बिल्ला तोंडावरच्याच्या हातात द्यायचा. तो आत असेतो बिल्ला तांबड्या खिळ्यावर, बाहेर आला की पांढऱ्या खिळ्यावर. पांढऱ्या खिळ्यावर बिल्ला दिसला की आत हवा सोडणारा ब्लोअर बंद करायचा आणि झाकण लावायचं. नरेंद्रचा जोडीदार चामटोलीचा किसन. शेतावरची कामं उरकून सायकलीनं यायचा, त्याच्या डब्यात नेहमी सुकट असायची आणि तो नेहमी म्हणायचा, ‘नरू, आमची सुकट खाल्लीस तर तुला पोहाया येल.’ एका संध्याकाळी किसन टाकीबाहेर आला, पाणी प्यायला, आणि खरवडायचं पातं आतच राहिलं म्हणून पुन्हा उतरला. नरेंद्रनं त्याला बाहेर येताना पाहिलं, आत जाताना पाहिलं नाही. भोंगा झाला. नरेंद्रचा हात फळ्याकडे गेला आणि किसनचा बिल्ला तांबड्या खिळ्यावरून पांढऱ्यावर आला. त्या दिवशी घरी कुणी आजारी नव्हतं, कसली घाई नव्हती. भोंगा झाला आणि हात गेला. पुढच्या पाळीच्या माणसानं पांढरा खिळा पाहिला, ब्लोअर बंद केला आणि झाकण लावलं.

पंचवीस मिनिटं. मग खालून जाणाऱ्या कुणालातरी टाकीतून ठकठक ऐकू आली. किसनला वर काढलं तेव्हा त्यानं पाणी मागितलं नाही, सावलीत जाऊन बसला. साहेबानं विचारलं तर म्हणाला, माझीच चूक, मी न सांगता उतरलो. नरेंद्र तोवर घरी पोचून जेवत होता. हे सगळं त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर कळलं. तो किसनपाशी गेला, पण किसन हसून म्हणाला, ‘आरं, आतमंदी मस्त झोप लागलीती.’ त्या हसण्यापुढे नरेंद्रला बोलता आलं नाही. मात्र त्या दिवसापासून किसननं आपला बिल्ला कुणाच्या हातात दिला नाही. आत जाताना स्वतः तांबड्यावर अडकवायचा, बाहेर येऊन स्वतः पांढऱ्यावर. साहेब ओरडला, तरी. नरेंद्रही तसंच करायला लागला. पुढची वीसएक वर्षं दोघं रोज एकमेकांसमोर जेवले, सुकट खाल्ली, लेकीबाळींच्या लग्नांना गेले, आणि त्या पंचवीस मिनिटांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. गेल्या साली किसन वारला. दहाव्याला आजोबा चामटोलीला गेले, तेव्हा गोदूबाई, किसनची बायको, त्यांना चहा देताना म्हणाली, ‘तुमची आठवण लय काडायचं. हसायचं नि सांगायचं, नरूनी मला टाकीत ठेवलावता आन घरी जाऊन जेवला.’ आजूबाजूची माणसं हसली. आजोबांनी कप तोंडाला लावला, चहा पोळला, तरी प्यायले. म्हणजे किसनला सगळं माहीत होतं. आणि आपण काही बोलू म्हणून तो वाट बघत होता की काय? खाणीच्या अंधारात आजोबांना ऐकू आली ती ठकठक होती. कुठेतरी पाणी गळत असेल, दुसरं काय. पण डोळ्यांपुढे काहीच नसलं, की कान आपल्याला हवं ते ऐकवतात. किंवा नको ते.

बुधवारी आजोबांनी फोन हातातसुद्धा घेतला नाही. बिल्ला टेबलावर ठेवला होता, त्याच्याकडे बघत ते चहा प्यायले. आणि मुलांनो, आता मी जे सांगणार आहे ते चांगलं नाही, पण खरं आहे, म्हणून सांगतो. त्यांना बरं वाटायला लागलं. हळूहळू, चोरून खाल्लेल्या गुळासारखं. इथून इतक्या लांब एक फळा आहे, त्यावर एक खिळा रिकामा आहे, आणि त्या खिळ्याकडे बघून कुणीतरी काळजीत पडलंय. हा माणूस कुठे गेला म्हणतंय. शीला गेल्यापासून असं कुणी म्हटलं नव्हतं. ती होती तेव्हा अर्धा तास उशीर झाला तरी गॅलरीत उभी दिसायची, वर आलं की तोंडावर काही न दाखवता म्हणायची, ‘आलात? मला वाटलं कंपनीनं ठेवून घेतलं.’ आता जिन्यातला वॉचमन येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं वहीत लिहितो, पण इथं राहणाऱ्यांची लिहीत नाही. आपण दोन दिवस दार उघडलं नाही तर कुणाला कळेल? हा प्रश्न त्यांना एकदा पडला आणि मग सुटेना. गुरुवारी त्यांनी परीक्षाच घेतली. सकाळी दारावर लटकवलेली दुधाची पिशवी आत घेतली नाही. बिनदुधाचा चहा केला आणि खुर्चीत बसून दाराकडे लक्ष ठेवलं. दहा वाजले. बारा वाजले. जिन्यावरून पावलं गेली, आली. समोरच्या फ्लॅटचं दार दोनदा उघडलं. चारच्या सुमाराला बेल वाजली तेव्हा आजोबा इतक्या झटकन उठले, की गुडघ्यात कळ गेली. समोरची विनिता होती, हातात फाटलेली पिशवी. ‘काका, मांजरानं बघा काय केलंय. जिनाभर दूध. पिशवी जरा लवकर आत घेत जा हो.’ त्यांनी फडकं आणलं, वाकून जिना पुसला. विनितानं मदत केली, चांगली मुलगी आहे. पण तिनं हे नाही विचारलं, की आज का नाही घेतली.

जिना पुसता पुसता त्यांच्या मनात आलं, की आपल्याला शोधणारी माणसं म्हणजे कोण? अण्णा. सत्तरीचा. त्याच्याबरोबर फार तर दोन पोरं. जुनी खाण, पाणी भरलेले बोगदे, कुजलेल्या लाकडी टेकूंवर तोललेलं छत. लोकांना दाखवतात त्या सरळ वाटेवर हरवलेला माणूस सापडणार नाही, म्हणून ते बंद वाटांत शिरणार. आपण इथं दूध पुसतोय आणि तिथं कुणीतरी आपल्या आकड्यानं हाका मारतंय. म्हणजे आपण पुन्हा तोंडावरचे. पुन्हा एक माणूस आत, आणि आपण घरी. त्या संध्याकाळी त्यांनी दहाही आकडे दाबले. पलीकडे रिंग वाजली, एकदा, दोनदा, आणि त्यांनी फोन कट केला. शुक्रवारी दिवसभर ते घराबाहेर फिरले. गावदेवीच्या रस्त्यानं नदीपर्यंत गेले, परत आले, बुद्धविहाराच्या पायरीवर बसले. ओळखीचा मिलिंद स्कूटर थांबवून म्हणाला, ‘जयभीम काका. मस्त टूर झाली म्हणे. सोनं दिसलं का?’ आजोबा म्हणाले, जयभीम, नाही दिसलं. मिलिंद हसून गेला. खिशात बिल्ला होता, बोटांना कोमट लागत होता.

शनिवारी उत्पला आली. महिन्यातला एक शनिवार ती आजोबांकडे राहते, स्वप्नाली तिला सोडून लगेच बाजारात गेली. उत्पलानं चपला उडवल्या, फ्रीज उघडून पाहिला, आणि टेबलावरचा बिल्ला उचलला.

‘हा इकडे कसा?’

‘आला चुकून.’

‘मग तो खिळा?’

आजोबा पिठात पाणी घालत होते. हात थांबला. आठवडाभर ज्या एका प्रश्नाची ते वाट बघत होते तो असा फ्रीजचं दार उघडं ठेवून विचारला जाईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. ‘रिकामा असेल,’ ते म्हणाले.

‘किती दिवस झाले?’

‘आठ.’

तिनं बोटांवर मोजलं, खरंच आठ होत होते. मग तिच्या कपाळावर आठी पडली. ‘मग ते आठ दिवस घरी नाही गेले?’

‘कोण?’

‘ते अण्णा. तेच म्हणाले ना, खिळा रिकामा असेल तर कोई घर नहीं जाता.’

‘अगं, तसं बोलायची पद्धत असते. गेले असतील घरी.’

‘तुम्हाला माहितीये का?’

‘नाही.’

‘मग?’ ती म्हणाली. ‘सिरीयसली आजोबा, मग फोन का नाही केलात?’

आता या मगला उत्तर द्यायचं तर किसनपासून सुरुवात करावी लागली. आजोबांनी पिठाची परात बाजूला सारली, हाताला पीठ होतं, तसेच ते जमिनीवर बसले आणि त्यांनी तिला टाकीची गोष्ट सांगितली. तांबडा खिळा, पांढरा खिळा, भोंगा, पंचवीस मिनिटं. शीलालाही त्यांनी ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. उत्पला ऐकताना पायाच्या अंगठ्याशी खेळत होती.

‘तुम्ही मुद्दाम केलंत?’

‘नाही गं.’

‘मग सॉरी म्हणालात?’

‘नाही.’

‘का?’

‘तो हसला म्हणून.’

‘माझी मैत्रीण पण हसते,’ उत्पला म्हणाली. ‘रडू आलं की.’ मग तिनं आजोबांच्या पिठाच्या हातांकडे बघितलं, स्वतःच त्यांचा फोन उचलला, तिकिटावरचा नंबर दाबला आणि स्पीकर लावला. आजोबा थांब म्हणाले, पण उठले नाहीत. रिंग वाजत राहिली. उचलल्यावर आधी खोकल्याचा आवाज आला, मग अण्णाचा.

‘अंकल,’ उत्पला शाळेतल्या हिंदीत म्हणाली, ‘आपका तिरसठ नंबर का बिल्ला हमारे पास है.’

अण्णा म्हणाला, ‘बेटा, वो आदमी कहाँ है?’

‘मेरे आजोबा हैं. ऊपर हैं. घर पे हैं.’

‘हम दो बार नीचे गया,’ अण्णा म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. ‘ट्रे में गिना, एक कम. सब बोला कि कोई लेके भागा होगा, छोड़ो. हम नहीं छोड़ा. आठ दिन से लोगों को नीचे लेना बंद रखा है. ऑफिसवाला रोज चिल्लाता है.’ पुन्हा खोकला. ‘उसको बोलने दो बेटा. जो नीचे गया, वही बोलेगा मैं ऊपर आया. ऐसा ही है हमारे में. दूसरा कोई नहीं बोल सकता.’

उत्पलानं फोन आजोबांसमोर धरला. त्यांचे ओठ हलले. बोलायचं होतं ते फार नव्हतं, एक आकडा आणि दोन शब्द, पण त्याच्या मागे बाकीचं सगळं येऊन दाटलं होतं, पस्तीस वर्षांचं, आणि आधी बाहेर कोण पडणार ते ठरत नव्हतं. ‘मैं,’ ते म्हणाले, ‘तिरसठ… मुझसे गलती…’

‘कौन? सुनाई नहीं देता,’ अण्णा म्हणाला. ‘पंखे का आवाज आता है. जोर से बोलो. हम लिखेगा.’

उत्पलानं फोन आजोबांच्या दोन्ही हातांत दिला, पिठासकट. मग ती उठली, टाचा उंचावून तिनं पंख्याचं बटण बंद केलं, रस्त्याकडची खिडकी ओढून घेतली, उघडं राहिलेलं फ्रीजचं दारही लावलं, आणि परत येऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.